दोन साक्षीदारांचा नियम

यादव ही हकीकत लिहिणारच नव्हता. दोनदा टायपिंगच्या मशीनवर कागद चढवला, दोनदा काढून घेतला. कारण सोपं होतं, या सगळ्यात माती त्यानंच खाल्ली होती.

एकोणऐंशी साल. नाशकातल्या एका सरकारी दवाखान्यात यादव रेकॉर्डच्या खिडकीवर होता. टायपिंग पुस्तकातनं शिकलेला, त्यामुळं सहाच बोटं चालायची, पण धडाधड. मागच्या दिवाळीत एका होणाऱ्या सासऱ्यानं इथल्या कारकुनाला चहा पाजून जावयाचा केसपेपर वाचून घेतला आणि ठरलेली सोयरीक मोडली. तक्रार झाली. साहेब म्हणाले, "यादव, पेशंटची माहिती गुप्त राहील असा नियम टाईप कर. आजच."

नियम कसा लिहितात हे यादवला कुठं ठाऊक? टेबलात तहसीलच्या रहिवासी दाखल्याचा नमुना पडला होता. तोच समोर धरला आणि ठोकला. कागद फक्त पेशंटलाच मिळेल. पेशंट तोच आहे असं त्याच्या गल्लीतल्या दोन प्रतिष्ठित व्यक्तींनी सांगावं. त्यांना कागदातला मजकूर वाचून दाखवून सह्या घ्याव्यात.

साहेबांनी न वाचता सही केली. यादव चार दिवस कॉलर ताठ करून फिरला.

पाचव्या दिवशी भिकन आला. मालेगावचा, यादवचा जिवाचा दोस्त. दोन वर्षांपूर्वी त्याला टीबी झाला होता, आता पार बरा. सातपूरच्या कारखान्यात कायम व्हायचं तर बरा झाल्याचा कागद पाहिजे होता. गल्लीत मात्र कुणाला पत्ता नव्हता. घरमालकीण विमलाबाईंना कळलं तर खोली जाणार, आणि महिन्याभरात तो बायकोला इकडं आणणार होता.

"दोन साक्षीदार आण," यादव म्हणाला.

"कशाचे?"

"तू भिकन असल्याचे."

"तू ओळखतोस की मला."

"मी तुझ्या गल्लीतला नाय."

भिकननं खिडकीवरचा नियम वाचला. "कुठल्या येड्यानं लिहिलंय रे हे?"

यादव टाचण्यांच्या डबीत काहीतरी शोधायला लागला.

गल्लीत प्रतिष्ठित म्हणावीत अशी माणसं दोनच. सावळीराम शिंपी आणि खुद्द विमलाबाई. हाताला जखम झाली होती, तिचा कागद आहे, अशी थाप मारून भिकन दोघांना घेऊन आला.

खिडकीपुढं वीसेक माणसं. यादव मजकूर पुटपुटायला लागला. मागनं हेडक्लार्क पुंजाभाऊ म्हणाले, "साक्षीदारांना ऐकू जाईल असं वाच की. नियम तुझाच ना?"

भिकननं यादवकडं पाहिलं. यादवनं कागदाकडं.

मग वाचलं. छातीचा फोटो, थुंकीची तपासणी, नव्वद इंजेक्शनं. रांग दोन पावलं मागं सरकली. मागचा एक म्हातारा आपुलकीनं म्हणाला, "आता वजन किती भरतंय, बाळा?"

"बरा झालाय तो. खाली लिहिलंय, पूर्ण बरा," यादव म्हणाला.

"लिहितीलच. सरकारी कागद आहे," विमलाबाई म्हणाल्या. त्यांनी पदर नाकाला लावला आणि दुसऱ्या हातानं सही केली. "माणूस तोच आहे, माझं काही म्हणणं नाही. पण खोलीला मला चुना मारायचाय. संध्याकाळपर्यंत रिकामी कर."

संध्याकाळी भिकनची ट्रंक ओट्यावर होती. नोकरी मात्र कायम झाली. साहेबांनी नियमाच्या प्रती नांदगाव आणि दिंडोरीच्या दवाखान्यांना पाठवल्या, वर शेरा मारला, 'गुप्ततेचा उत्तम नमुना'.

आता ती ट्रंक यादवच्या खोलीत आहे. भिकन तिच्यावर बसून चहा पितो आणि टोमणे मारतो.

"गुप्ततावाले, आमच्या बायकोला कुठं ठेवायचं?"

"वहिनी यायच्या आधी ही खोली मी तुम्हाला सोडतो."

"आणि नियम? उद्या दुसरा कुणी भिकन येईल त्या खिडकीवर."

यादवनं मशीनवर कोरा कागद चढवला. "पेशंटचा कागद पेशंटच्या हातात, बाकी कुणाला काही सांगायचं नाय. एवढ्या दोनच ओळी. सह्यांच्या गठ्ठ्यात मधोमध घालतो. साहेब वाचत नाहीत, तुला माहितीये."

"वाचलं तर?"

"तर परत टाईप करीन. सही होईपर्यंत रोज एक घालीन, भिकन. शब्द देतो."