गप्प राहण्याचा कोर्स

"बाई, आता पाच मिनिटं तुम्ही बोलायचं नाही," प्रशिक्षक म्हणाला. "वर्गाला बोलू द्या."

बाईंनी खडू खाली ठेवला. हयातभर शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या बाईंना गप्प बसायला सांगणारा हा पहिलाच माणूस, आणि तोही त्यांच्या धाकट्या भाच्याच्या वयाचा. परदेशातली एक शाळा त्यांना सुटीतले तीन महिने इंग्रजी शिकवायला बोलावत होती. इंग्रजी शिकवण्याचा कोर्स केल्याच्या प्रमाणपत्राची सक्ती नव्हती, असलं तर बरं, एवढंच शाळेचं म्हणणं. कोर्स करायचा तर यंदाचं जाणं हुकणार, आणि पुढच्या वर्षी कोण विचारतंय? तेव्हा कोर्सवाल्यांकडे नमुन्याचा एक तास घ्यावा, आपल्याला कोर्सची गरज नाही हे त्यांच्याच तोंडून वदवून घ्यावं आणि खुशाल विमानात बसावं, असा बाईंचा बेत होता.

तास रंगलाही होता. आवाज खणखणीत, फळ्यावरचं अक्षर छापल्यासारखं. समोरची मोठी माणसं त्यांच्यामागून एका सुरात वाक्यं म्हणत होती. आता मात्र सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागले. शेवटी कपडे शिवणारी एक बाई धीर करून उठली. तिचा मुलगा आजारी होता, तेच ती इंग्रजीत सांगू पाहत होती. दुसऱ्याच वाक्यात तिचं क्रियापद घसरलं आणि बाईंनी ते तिथल्या तिथे दुरुस्त केलं. सवयच ती, शिंकेसारखी आली. शिवणवाली "सॉरी" म्हणून खाली बसली. मुलाला काय झालंय ते कुणाला कळलंच नाही.

प्रशिक्षकाने मागाहून बाईंच्या अक्षराचं तोंड भरून कौतुक केलं. बाकी कशाबद्दल तो बोलला नाही. ते बाईंना फार लागलं.

घरी यजमान वाटच बघत होते. वीज कंपनीच्या कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला शांत माणूस.

"काय म्हणाला तो पोरगा?"

"अक्षर छान आहे म्हणाला."

"मग झालं तर! तीन महिन्यांसाठी कशाला ती भानगड? अगं, ते एवढं बोलावतायत. जा नि ये."

बाईंनी पर्स खुंटीला अडकवली आणि शिवणवालीचं सांगितलं. "अहो, मुलं घाबरायची का हो मला?"

"मुलांचं मला काय माहीत," यजमान म्हणाले. त्यांनी पाण्याचं भांडं हातात घेतलं आणि एकाएकी ते इंग्रजीत बोलू लागले.

इतक्या वर्षांच्या संसारात ते बाईंसमोर इंग्रजी कधी बोलले नव्हते. कचेरीत बोलतात, असं त्या नुसतं ऐकून होत्या. एक वाक्य धड नव्हतं, काळांचा तर पार बट्ट्याबोळ. पण सांगत होते ते कळत होतं. त्यांच्या निरोपसमारंभाला बाहेरून मोठे साहेब आले होते. साहेबांसाठी चार शब्द इंग्रजीत बोलायचे म्हणून यजमानांनी गच्चीवर जाऊन जाऊन भाषण घोकलं होतं. समारंभाला बाई पहिल्या रांगेत येऊन बसल्या आणि यजमानांनी घसा बसल्याची खूण केली. भाषण दुसऱ्याच कुणीतरी केलं. घसा ठणठणीत होता.

बाईंना तो घसा चांगला आठवत होता. त्या वेळी केवढी काळजी केली होती त्यांनी.

मग तू मला मिठाच्या पाण्याच्या, असं काहीसं म्हणताना यजमान अडले. गुळण्यांना इंग्रजी शब्द सापडेना. तो बाईंच्या अगदी जिभेवर होता. त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले. नवऱ्याची कीव येत होती आणि स्वतःचा राग. यजमानांनी छताकडे बघून शब्द शोधला, मग भांड्यातलं पाणी तोंडात घेतलं, मान मागे टाकली आणि गुळण्या करून दाखवल्या.

"समजलं," बाई इंग्रजीत म्हणाल्या. "पुढे?"

सकाळी त्यांनी परदेशातल्या शाळेला यंदा येत नसल्याचं कळवलं. कोर्सला नाव उशिरा घातल्यामुळे जागा शेवटच्या बाकावर मिळाली. पहिल्या दिवशी बाई तिथे वेळेआधीच जाऊन बसल्या.