तीन घावांची सही

मित्रांनो, मी एक जुनी पटाशी आहे. लाकडात खाच पाडणारी, दोन बोटं रुंद पात्याची. माझी मूठ चिरली आहे, अंगावर गंज आहे. पण आधीच सांगते, माझी कीव करू नका. मी साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराला कीव मानवत नाही.

मला लोहाराने घडवलं आणि खेड्यातल्या एका सुताराने धार लावली. सगळे त्याला मिस्त्री म्हणत. पहिल्याच वर्षी घाईघाईत त्याने जुन्या तुळईवर घाव घातला. आत खिळा होता. माझ्या धारेच्या मधोमध खोच पडली.

लोहार म्हणाला, "आण, घासून काढतो."

"राहू दे," मिस्त्री म्हणाला. "माझ्या घाईची आठवण आहे. डोळ्यांसमोर असलेली बरी."

तेव्हापासून मी फक्त खुणेसाठी. प्रत्येक कामात, सांध्याच्या आत, जिथे कुणाची नजर जात नाही तिथे, तो माझे तीन घाव उमटवी. चिमणीच्या पावलासारखे. खोचेमुळे प्रत्येक रेघ मध्ये तुटलेली.

मग गावात शाळा बांधली गेली. तिचं मोठं दार मिस्त्रीने चार महिने खपून केलं. काम करताना तो गुणगुणे,

दार उघडे सर्वांना, दार झाकी साऱ्यांला,
ज्यानं दार घडविलं, कोण ओळखी त्याला?

ओळखलं नाहीच. शाळेच्या दगडावर नाव लागलं ते ठेकेदाराचं. मिस्त्रीने कचेरीत अर्ज लिहवून घेतला: 'दार मी केले आहे. सांध्यात माझी खूण आहे.' कारकुनाने शाईची डबी पुढे सरकवली. "लाव अंगठा."

"अंगठा जन्माबरोबर मिळाला. खूण मी कमावली," मिस्त्री म्हणाला, आणि मला कागदावर तीनदा दाबलं.

अर्ज फाइलीत गेला आणि तिथेच पडून राहिला. पुढे कुठल्याच ठेकेदाराने मिस्त्रीला काम दिलं नाही. शेवटची वर्षं त्याने रस्त्यावर खडी फोडली. माझी रवानगी स्वयंपाकघरात झाली. सुना, नातसुना माझ्या पात्याने डब्यांची झाकणं उचकटत. तेही काम मी चोख केलं.

शाळेला शंभर वर्षं झाली. नवा फलक लागणार होता, पुन्हा ठेकेदाराच्याच नावाचा. मिस्त्रीची पणती शिवणकाम करते. ती गळ्यातल्या टेपसकट मुख्याध्यापिकांकडे गेली.

"दार आमच्या पणजोबांनी केलंय."

"पुरावा आणा, ताई. सोमवारी फलक रंगायला जातो."

घरी आत्या हसली. "अगं, प्रत्येक घराण्यात असं एक दार असतंच. कुणाच्या पणजोबांनी वाघ मारलेला असतो, आपल्यांनी दार केलं."

पणती कचेरीत गेली. मिस्त्रीच्या मुलाच्या जन्माच्या नोंदीत बापाचा धंदा लिहिला होता, सुतार. त्याच बापाच्या मृत्यूच्या नोंदीत, मजूर.

"सुतार माणूस मजूर होऊन कसा गेला, काका?" तिने दप्तर सांभाळणाऱ्यांना विचारलं.

काकांनी शाळेच्या बांधकामाची फाइल काढली. तळाशी तो अर्ज. "खालचा कोपरा कसरीनं खाल्लाय बघा."

"कसर मापात खात नाही, काका." तिने टेप लावला. तिन्ही चिरा एका मापाच्या, आणि मधोमध तुटलेल्या. तिला घरची झाकण-उघडणी आठवली.

दुसऱ्या दिवशी तिने मला पिशवीतून नेलं आणि चिरेवर टेकवलं. धार बसली. खोच बसली. काकांनी चष्मा काढून पुसला. "आणि हिनं तुम्ही डबे उघडता?"

मुख्याध्यापिकांना तेवढ्याने पटेना. "कागदावर खूण आहे, दारात कुठे?"

"अर्जातच लिहिलंय. सांधा उघडा."

खालची फळी बदलायला दार उतरवलेलंच होतं. आजच्या सुताराने सांधा सोडवला. आत चिमणीचं पाऊल, कालच उठवल्यासारखं. त्याने त्यावरून बोट फिरवलं. "शंभर वर्षं हा सांधा हलला नाही. मजूर म्हणे!"

फलकावर आता मिस्त्रीचं नाव आहे, ठेकेदाराच्या वर. मृत्यूची नोंद मात्र बदलत नाही, असं काका म्हणाले. "फार तर तुमचा अर्ज तिच्याशेजारी लावून ठेवतो."

पणतीने अर्ज लिहिला: 'हा माणूस सुतार होता.' खाली सही केली, आणि सहीशेजारी मला तीनदा दाबलं.

मित्रांनो, आता मला काचेच्या पेटीत ठेवायचं घाटतंय. मला ते नको. मला तेल लावा, मूठ बदला, कामाला लावा. आणि धार कराल तेव्हा माझी खोच तेवढी घासू नका. उद्या पुन्हा कुणी मिस्त्रीला मजूर म्हणालं, तर मला बोलावं लागेल.