वजन सांगणारा दांडा

मित्रांनो, मला बघून तुम्ही नाकच मुरडाल. मी एक जुना, हातभर लांबीचा, गंजलेला लोखंडी दांडा आहे. डोंगरातल्या एका गाडीच्या पोटाखाली माझा मुक्काम. चिखल सगळ्यात आधी माझ्यावर उडतो आणि गाडी धुताना पाणी मात्र माझ्यापर्यंत कधी पोचत नाही. असो. रडगाणं गायला मी तुम्हाला बोलावलेलं नाही, पण जे झालं ते मला अजून सोसत नाही, म्हणून सांगतो.

माझं एक टोक मागच्या चाकांच्या एक्सलला आणि दुसरं वर, चासीवरच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावरच्या, ब्रेकच्या व्हॉल्व्हला. गाडी भरली की चासी खाली बसते, मी वर ढकलला जातो आणि व्हॉल्व्हला सांगतो, ओझं आहे, मागच्या चाकांना जोरात ब्रेक दे. गाडी रिकामी असली की सांगतो, बेताने घे. कारखान्यात मला एवढंच शिकवलं. तिसरं काही मला येत नाही.

गाडीचा मालक उकाब, लाँग तेलाय गावचा. तिथून खाली लावास शहराला जायचं म्हणजे लाकूडतोडीच्या मातीच्या रस्त्याने दिवसभर डोंगर चढायचे आणि उतरायचे. उकाब खाली तांदूळ न्यायचा, वर गॅसच्या टाक्या, पत्रे, साखर आणायचा. वाटेत हात करणाऱ्याला नाही म्हणणं त्याला जन्मात जमलं नाही. खचाखच भरलेली गाडी तो घाटातून अलगद उतरवायचा आणि खाली पोचल्यावर मागच्या चाकावर एक थाप मारायचा. ती थाप माझ्यापर्यंत यायची. माझं कौतुक म्हणाल तर ते एवढंच.

मग त्याची बायको रुरान आजारी पडली. तिला घेऊन आम्ही निघालो आणि खिंडीखालच्या चिखलात गाडीचं पोट टेकलं. चाकं चरांमध्ये नुसती गरगरत राहिली. उकाबने नखं निघेपर्यंत हातांनी चिखल उपसला. रुरान तिथेच, गाडीतच गेली. त्यानंतर बरेच दिवस त्याने मागच्या चाकावर थाप मारली नाही.

पुढे त्याची एकुलती एक मुलगी लिताद गरोदर राहिली आणि उकाबने गाडी उंच करायचं मनावर घेतलं. आता पोट टेकू देणार नाही, म्हणाला. रुरानचा भाऊ मुरांग गाड्यांची कामं करायचा. दोघांनी मिळून मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांखाली ठोकळे बसवले, लांब शॉकअप घातले, ब्रेकचे पाइप वाढवले, चाकांची अलाइनमेंट केली, पुढचे दिवेसुद्धा खाली झुकवले. गाडी चार बोटं वर गेली. एकेकाला त्याची नवी जागा मिळत होती आणि मी आपली वाट बघत होतो. चासी वर गेल्याने मी खाली ओढला गेलो होतो. आता कितीही ओझं घातलं तरी मला गाडी हलकीच वाटणार होती. माझं खालचं टोक तेवढंच वर घ्यायचं होतं. एक लोखंडी पट्टी आणि दोन बोल्ट, बस्स.

आमच्याकडे पहिलं नातवंड झालं की माणूस जुनं नाव टाकतो आणि गावजेवण घालून सगळ्यांसमोर नवं घेतो. जेवणासाठी डुकरं पोसून तयार होती. गाडीखाली उताणा पडून पाना फिरवताना उकाब आपलं नवं नाव हळूच पुटपुटून बघायचा आणि स्वतःशीच हसायचा. ते त्याने कुणालाही सांगितलं नव्हतं. ऐकलं फक्त मी.

शनिवारी दिवस मावळताना मुरांगचं लक्ष माझ्याकडे गेलं.

"दाजी, हा मागचा दांडा राहिला की."

"राहू दे, सोमवारी बघू. उद्या पान्याला हात लावायचा नाही."

"भरल्या गाडीला हाच लागतो, बरं का."

"अरे, सोमवारपर्यंत तिला भरतंय कोण?"

रविवार देवाचा, आमच्या गावात त्या दिवशी कुणी कोयतासुद्धा उचलत नाही. गावात छोट्या विमानासाठी एक धावपट्टी आहे, तिच्यावरच्या गवतात दोघांनी रिकामी गाडी पळवून पाहिली. ब्रेक झक्कास लागला. मुरांगचं समाधान झालं आणि माझा विषय तिथेच संपला.

रविवारी चर्चमधली प्रार्थना संपते न संपते तोच लितादला कळा सुरू झाल्या, दिवस भरायच्या आधीच. गावातल्या परिचारिकेने पाहिलं आणि म्हणाली, बाळ आडवं आहे, इथे काही व्हायचं नाही, हॉस्पिटल गाठा. विमान रविवारी नसतं. सगळं गाव तिथेच उभं होतं, नव्या कपड्यांत. रुरानचं काय झालं ते कुणीही विसरलेलं नव्हतं. चिखलात ढकलायला माणसं हवीत, म्हणून धट्टीकट्टी माणसं भराभर मागच्या उघड्या हौद्यात चढली. लितादला धरायला बायका चढल्या. दोर आले, फावडी आली, भाताची पुडकी आली. मुरांग भाचीचं डोकं मांडीवर घेऊन बसला. त्याला मी आठवलो नाही. गावाने माया केली, मित्रांनो, आणि त्या मायेचंही वजन होतं.

खिंडीखालचा तो चिखल आम्ही सहज पार केला. पोट टेकलं नाही. मागची मंडळी भजन गाऊ लागली आणि उकाब गाडी चालवता चालवता रडत म्हणाला, "रुरान, बघतेस ना गं? या वेळी नाही अडकलो."

मग मोठा उतार लागला. डोक्यावर माणसं गात होती, ते मला ऐकू येत होतं, पण अंगाला मात्र गाडी हलकीच लागत होती. मी अंगाला लागेल तेच सांगतो. बेताने घे, बेताने घे, असंच मी व्हॉल्व्हला सांगत राहिलो. सगळा भार पुढच्या ब्रेकवर आला. ते तापले, जळका वास सुटला, उकाबचा पाय पेडलसकट खाली गेला, तरी गाडी थांबेना. एका बाजूला दरी होती. त्याने गाडी दुसऱ्या बाजूच्या दरडीवर घातली आणि ती उलटली. मागच्यांना लागलं-खुपलं; लितादला दुसऱ्या गाडीने हॉस्पिटलात नेलं.

लिताद वाचली. बाळ वाचलं नाही.

दुसऱ्या दिवशी मुरांग वाकून उलट्या गाडीकडे बघत राहिला.  मग म्हणाला, "दाजी, तो दांडा." उकाबने हात लांब करून मला चाचपून पाहिलं. तो सोमवार होता.

कुणी त्याला बोल लावला नाही. लितादनेही नाही. तिचा नवरा लावासला कामाला होता, ती त्याच्याकडे निघून गेली ती परत आलीच नाही. गावजेवण झालं नाही. पोसलेली डुकरं दुसऱ्याच कुणाच्या नातवासाठी गेली. गाव त्याला अजून उकाबच म्हणतं, आणि म्हणताना खाली बघतं.

गावाने दोर लावून गाडी वर ओढून आणली. त्याचं घर उंच खांबांवर आहे, ती आता त्या घराखाली खांबांमध्ये उभी आहे. इंजिन काढून नेलं, चाकांवर वेल चढले, कोंबड्या माझ्यावर बसतात.

मित्रांनो, गाडी उंच करा, खुशाल करा. पण एक भाग हलवलात की त्याला जोडलेले सगळे भाग हलवा, आणि राहिलेलं काम पूर्ण होईपर्यंत गाडीत कुणाला बसवू नका. आमच्यासारख्यांना चूक कळत नाही हो. आम्ही ज्या जागी बसवाल तिथूनच बोलतो.

परवा उकाब पुन्हा गाडीखाली आला. केस पार पांढरे झालेत. हातात एक लोखंडी पट्टी होती आणि दोन बोल्ट. त्याने माझं टोक चार बोटं वर घेतलं, बोल्ट आवळले, ओढून पाहिले. मग मागच्या चाकावर एक थाप मारली आणि तिथेच पडून राहिला. त्याचे ओठ हलले. मला वाटलं, ते नवं नाव घेईल. त्याने घेतलं नाही.

आता मी अगदी बरोबर जागी आहे आणि अगदी खरं सांगतो. गाडी रिकामी आहे.