संध्याताईचे उणे आठ

मी कनेरगाव नाक्याजवळच्या शाळेतला एक जुना लाकडी फळा आहे. प्रेमदास सुताराने मला घडवले. तीस वर्षे मी दहावीच्या वर्गात होतो. किती वर्गसमीकरणे माझ्यावर सोडवली गेली! मग वर्गात चकचकीत पडदा आला आणि मी व्हरांड्यात गेलो. मित्रांनो, रिकामे राहणे फार वाईट. पाऊल वाजले की वाटे, कुणी खडू घेऊन आले का?

मागच्या हिवाळ्यात संध्याताई आली. ती अंगणवाडीत मदतनीस, वय छत्तीस. दहावीच्या गणितात दोनदा नापास झालेली. ही शेवटची खेप, असे तिने घरी कबूल केले होते. शाळा सुटली की गणिताच्या पद्माबाई मॅडम तिला व्हरांड्यात माझ्यावर शिकवत.

एक दिवस मॅडमनी गणित घातले. कांद्याच्या वाफ्याची लांबी रुंदीपेक्षा पाच मीटर जास्त, क्षेत्रफळ चोवीस चौरस मीटर. रुंदी किती?

ताईने लिहिले, क्ष² + ५क्ष − २४ = ०. मग खडू थांबला. गुणाकार उणे चोवीस आणि बेरीज पाच, अशा दोन संख्या हव्या होत्या. तिने सहा-चार लिहिले, पुसले. बारा-दोन लिहिले, पुसले. मला उत्तर ठाऊक होते, पण सांगणार कसे? मी नुसता तळमळत होतो.

"आठ अन् उणे तीन," ती हळूच म्हणाली.

(क्ष + ८)(क्ष − ३) = ०. उत्तरे आली उणे आठ आणि तीन. तिने दोन्हींखाली रेघ मारली.

"दोन्ही बराबर?" मॅडमनी विचारले.

"व्हय."

"मग उणे आठ मीटर रुंदीचा वाफा दाखव मला."

ताईचे डोळे भरून आले. "मॅडम, मागं दोन्ही येळंला मी असंच लिहून आले."

"मग आता काहून रडून राहिली? कळलं ना?"

तिने तळहाताने उणे आठ पुसून टाकले.

परीक्षेच्या दिवशी माझा जीव थाऱ्यावर नव्हता. दुपारी ताई एसटीतून उतरून थेट माझ्याकडेच आली आणि पेपरातले गणित लिहू लागली. दोन क्रमागत नैसर्गिक संख्यांचा गुणाकार बहात्तर. मॅडम शेजारी उभ्या होत्या. उत्तरे आली आठ आणि उणे नऊ.

"उणे नऊ खोडला मी," ती मॅडमना म्हणाली. "आठ अन् नऊ लिहिलं."

तरी निकालापर्यंत आम्हा तिघांनाही चैन नव्हते. गणितात तिला एकेचाळीस गुण मिळाले.

मित्रांनो, ताई कंपासपेटी पदराखाली लपवून यायची, कारण रस्त्यात पोरे हसत. तुम्ही हसू नका. उशिरा शिकायला बसलेल्या माणसाला खडू द्या, आणि त्याला उत्तर सापडेपर्यंत थांबा.