अर्ध्यांना माफी

गाद्यांच्या कंपनीतल्या जाहिरातवाल्या साहेबांनी एकच ईमेल दोन मथळ्यांनी पाठवून पाहिला. अर्ध्या गिऱ्हाइकांना ‘नवी गादी, गाढ झोप’, उरलेल्यांना ‘माफ करा, आमचं चुकलं’. चुकलं काहीच नव्हतं, पण माफी उघडून बघायला लोकांच्या नुसत्या उड्या पडल्या. साहेबांना आभाळ ठेंगणं झालं. त्यांनी घरी बायकोलाही ही युक्ती रंगवून रंगवून सांगितली आणि दर सोमवारी माफी धाडायचा सपाटाच लावला.

या नादात, दाढ काढायला गेलेल्या बायकोला दवाखान्यातून आणायचं साफ राहून गेलं. ती एकटीच घरी आली.

“माफ कर गं, माझं चुकलं!” साहेब काकुळतीला आले.

सुजलेला गाल धरून बायकोने विचारलं, “आणि उरलेल्या अर्ध्यांना काय पाठवलंत?”