खुंटीवरची शाल

पाचव्या दिवशीही धाकटी ताप अंगावर घेऊनच धार काढायला बसली. खोकल्याची उबळ आली की बादली गुडघ्यांत आवळून धरायची, दूध सांडू नये म्हणून. बाहेर धुकं असं दाट की उकिरडाही दिसेना. गोठ्यातला चिखल पायाला चावत होता.

मी तिची थोरली जाऊ. वैरण टाकता टाकता नुसती बघत होते. ती म्हैस धाकटीशिवाय कोणाच्या हाताला धारच देत नाही. मी एकदा बसून पाहिलं, तर महिनाभर मांडी काळीनिळी. या म्हशीपायी अकरा वर्षांत धाकटीचा माहेरी मुक्काम नाही. तिची आई शेवटच्या घटका मोजत होती तेव्हाही ही संध्याकाळची धार काढून निघाली. पोचली तोवर सगळं आटोपलं होतं.

"आज हिला दवाखान्यात न्यायचं," मी दिराला, तिच्या नवऱ्याला, म्हणाले.

"धार झाली ना? मग चला की."

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण डोळे जागरणानं खोल गेलेले. त्यांनी छाती तपासली, बोटाला प्राणवायू मोजायचा चिमटा लावला.

"तगडं इंजेक्शन द्या," दीर म्हणाला. "मागच्या महिन्यात आमची म्हैस खोकत होती. एका सुईत संध्याकाळी चारा खायला लागली."

"तिचा आजार वेगळा असेल. हा विषाणूचा आहे, त्याला ती सुई लागू पडत नाही."

"मग सलाईन तरी लावा."

"तोंडानं पाणी जातंय ना? मग कशाला?"

दिराचा चेहरा पडला. एवढ्या लांब येऊन काही टोचलं नाही म्हणजे फसवल्यासारखंच. "म्हणजे औषधच नाही म्हणा."

"विषाणूवरची एक गोळी आहे. पण पहिल्या दोन दिवसांत सुरू केली तर तिचा खरा गुण. आज कितवा?"

"पाचवा," मी म्हणाले.

"आणि म्हशीला कितव्या दिवशी दाखवलंत?"

दीर खिडकीबाहेर बघायला लागला. "गुरांचे डॉक्टर घरी येतात हो. फोन केला की."

"तासाभरात आले होते," मी म्हणाले. मलाही तोंड आहे.

बाईंनी तापाच्या गोळ्या दिल्या. "कोमट पाणी पीत राहायचं आणि आठ दिवस अंथरुणातच. प्राणवायू अगदी काठावर आहे. दम वाढला, ओठ निळे दिसले, तर तडक मोठ्या दवाखान्यात. वाट बघायची नाही."

"आठ दिवस? अन् धार?"

"तुम्ही काढा."

"मला जवळ उभं करत नाही ती."

"सकाळ-संध्याकाळचं तेवढं मी करीन, बाई," धाकटी हळूच म्हणाली. "बसूनच तर असतं."

बाईंनी कागदावर 'विश्रांती' लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या आणि कागद माझ्या हातात दिला.

संध्याकाळी म्हैस हंबरायला लागली. कास तटतटलेली. "तो कागद म्हशीला वाचून दाखवा," सासूबाई म्हणाल्या. धाकटी भिंत धरून उठली. मी गोठ्यासमोरच्या खोलीच्या दारात फतकल मारून बसले.

"सरका, जाऊबाई."

"नाही सरकत. तू गेल्यावर कोण काढणार आहे धार? तेव्हा जो काढेल, त्यालाच आज काढू दे."

दीर थोडा वेळ घुटमळला. मग गोठ्यातल्या खुंटीवरची धाकटीची शाल त्यानं काढली. धार काढताना ती रोज पांघरायची तीच, शेणाच्या आणि तिच्या घामाच्या वासाची. डोक्यावरून गुंडाळून तो बसला. म्हशीनं मान वळवली, शाल हुंगली, एक लांब सुस्कारा टाकला. आणि पान्हा सोडला.

बादलीत धारेचा आवाज घुमायला लागला.

"जमलं की गं याला," सासूबाई हसल्या. "काही अवघड नव्हतं."

धाकटी अंथरुणावर टेकून ऐकत होती. बादली भरत आली, आवाज जाड झाला, तरी ऐकतच होती.

"आई गेली तेव्हाही शाल तिथंच होती, जाऊबाई," ती म्हणाली. "खुंटीला."

मग खोकत खोकत तिनं भिंतीकडे तोंड केलं.