माझ्या जागी दोनडोकी बसली

एक होती डॉक्टरीणबाई, एक होती तिची सून, आणि एक होते मी, त्यांची एकडोळी दुर्बीण. मीच बोलतेय, कपाटावरून.

खरं सांगते, मी जळते. बाई लग्न होऊन आल्या तेव्हापासून त्यांचा डोळा माझ्याच नळीला. आजाऱ्याच्या अंगातला कणभर तुकडा मेणात थिजवायचा, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचा, कोमट पाण्यात तरंगवून काचेवर उचलायचा, रंगवायचा. मग रोग कुठे लपलाय ते मी दाखवायची. आणि सून शिकायला बसली, तर दोघींना एकदम बघता येईल अशी दोनडोकी आणली! माझ्या खिडकीत, माझ्या टेबलावर! नटवी मेली.

एकदा एका शिंपिणीच्या गर्भपिशवीचा तुकडा आला. लग्नाला बरीच वर्षं झालेली, मूल नाही, अंगावरून जातंय. सुनेने मोठं भिंग लावलं नि दचकलीच.

"अहो आई, कॅन्सर आहे. पिशवी काढावी लागणार बिचारीची."

मी मनात म्हटलं, बघ गं दोनडोके, तुझा पायगुण!

बाई समोरून वाकल्या. "आधी लहान भिंग लाव. परक्या घरात शिरल्या शिरल्या डबे उघडतेस का?"

सुनेने लावलं. "कडेला एकच तुकडा वाईट आहे. बाकी सगळं निरोगी."

"आता त्या निरोगी भागावर नजर बसव. तुकडा कसा दिसतो?"

"धूसर. तो स्पष्ट केला, की बाकीचं धूसर." ती थबकली. "अहो आई, हा वर येऊन बसलाय! हिचा नाहीच. आधीच्या बाईचा पाण्यात तरंगत राहिला असेल."

"नुसतं 'असेल' म्हणून चालत नाही, बाई. पाणी बदल. त्याच मेणाच्या ठोकळ्याचे नवे काप काढ."

काढले. एकातही तो तुकडा नव्हता. आधीच्या बाईच्या काचेत मात्र हुबेहूब तसाच सापडला. शिंपिणीची पिशवी वाचली, तिला साधी औषधं सुरू झाली.

आणि कौतुक कुणाचं? दोनडोकीचं! परवा शिंपीण नवऱ्यासोबत तिला झालरीचं पांघरूण शिवून घेऊन आली. माझ्यावरची धूळ तरी कुणी पुसली का? मी आपली वर जळफळत बसलेले.

तेवढ्यात शिंपिणीच्या खांद्यावरच्या तान्ह्या पोरीने असा टाहो फोडला, की काचा थरथरल्या. आईने घाईघाईने तिला थोपटलं.

"रडू दे गं," शिंपी डोळे पुसत हसला. "इतकी वर्षं घरात नुसता मशीनचा आवाज. आता मशीन चालू आहे की बंद, तेसुद्धा कळत नाही."